आधी पाटी, मग रँकिंग: छोट्या धंद्याच्या वेबसाइटची पत कशी कमवावी

कसब्यातल्या तांबट आळीत पत्ता विचारावा लागत नाही, ठोक्यांच्या आवाजावरून कळतं. त्या आवाजात एका काकांच्या कारखान्यात मी उभा होतो आणि काका तावातावानं सांगत होते, "गुगलवर 'तांब्याचा हंडा पुणे' टाकलं की जे वर येतात, त्यांच्यातले दोघं माल माझ्याकडून नेतात. मग मी कुठंय?"

मी तिथेच फोनवर त्यांची वेबसाइट उघडली. आधी ब्राउझरनं 'सुरक्षित नाही' असं बजावलं. मग फोटो आला: काचेची इमारत आणि टाय लावलेली गोरी, हसरी माणसं. खाली मजकूर, 'आम्ही या क्षेत्रातील अग्रगण्य उत्पादक असून गुणवत्तेशी तडजोड करत नाही.' पत्त्याच्या जागी नुसतं 'पुणे, भारत'. फोन नंबर दिला होता, तो कधीचा बंद पडलेला. ज्या माणसाच्या दारावर आजोबांच्या नावाची पितळी पाटी आहे, त्याच्या वेबसाइटवर त्याचं स्वतःचंही नाव नव्हतं.

"काका, ही वेबसाइट बघून तुम्ही या माणसाला पाचशे रुपये आगाऊ पाठवाल?"

"या टायवाल्याला? काय वेड लागलंय का?"

"मग गुगलनं त्याच्याकडे गिऱ्हाईक का पाठवावं?"

पेठांमधल्या छोट्या धंद्यांच्या वेबसाइट नीट करून देणं हे माझं रोजचं काम. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. बाजारात ज्याची पत आहे, त्याची ती पत वेबसाइटवर कुठेच उमटलेली नसते, आणि ज्याची काहीच नाही तो छान फोटो लावून बसलेला असतो. बाहेरच्या माणसाला तुमचं म्हणणं स्वतः तपासून घेता येईल, अशा रीतीनं ही पत पानावर आणायची, एवढंच खरं काम आहे. ते कोणत्या क्रमानं करायचं ते पुढे सांगतो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेक लोक चौथ्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच पैसे घालवतात.

त्याआधी: पत मोजता येते का?

गुगल बाहेरच्या माणसांकडून आपल्या निकालांचा दर्जा तपासून घेतं. त्या तपासनिसांसाठी एक जाडजूड मार्गदर्शिका आहे आणि ती कुणालाही वाचायला खुली आहे. तिच्यात पानाचा दर्जा ठरवायला चार गोष्टी सांगितल्या आहेत: अनुभव, जाणकारी, अधिकार आणि विश्वासार्हता. आधी त्या तीनच होत्या, डिसेंबर २०२२ मध्ये अनुभवाची भर पडली. चौघींत विश्वासार्हता सगळ्यात मोठी. पान कितीही जाणकाराचं वाटलं तरी ते भरवशाचं नसेल तर बाकीच्या तिघींना किंमत नाही, असं तिथे स्वच्छ म्हटलं आहे.

पण या तपासनिसांनी दिलेल्या गुणांमुळे तुमचं पान थेट वर किंवा खाली सरकत नाही. गुगलची गणितं बरोबर चालली आहेत ना, हे पडताळायला ते गुण वापरले जातात. 'विश्वास: शंभरपैकी बासष्ट' असा आकडा गुगल कुणाला देत नाही. बाजारात 'डोमेन ऑथॉरिटी' नावाचा जो आकडा फिरतो, तो साइट किती वर येईल याचा मॉझ नावाच्या कंपनीचा स्वतःचा अंदाज आहे, गुगलचा त्याच्याशी संबंध नाही. तेव्हा 'तीन महिन्यांत ऑथॉरिटी चाळीसवर नेतो' म्हणत कुणी दारात आला तर त्याला चहा पाजा आणि निरोप द्या.

पहिली पायरी: किल्ल्या कुणाकडे आहेत?

सगळ्यात कंटाळवाणी पायरी, म्हणून सगळे टाळतात.

वेबसाइटचं डोमेन, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते आधी बघा. पुण्यात माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचं डोमेन आधी साइट करून दिलेल्या मुलाच्या ईमेलवर असतं. तो मुलगा आता बंगळूरला असतो, फोन उचलत नाही, आणि नूतनीकरणाची सूचना त्याच्या इनबॉक्समध्ये पडून असते. दुकानाचा भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर ठेवण्यासारखंच आहे हे. डोमेन, होस्टिंग (साइट जिथे ठेवलेली असते ती भाड्याची जागा) आणि सर्च कन्सोल (साइट गुगलला कशी दिसते ते मालकाला दाखवणारं गुगलचं साधन), तिन्ही तुमच्या धंद्याच्या ईमेलवर घ्या, पासवर्डसोबत दुसरी खात्री मागणारं दुपदरी लॉगिन चालू करा, डोमेनचं नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा.

मग कुलूप. पत्त्याच्या सुरुवातीला 'एचटीटीपीएस' हवं. गुगलनं २०१४ मध्येच सांगितलं होतं की हा रँकिंगचा एक हलका संकेत आहे, आणि जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर बिनकुलपाच्या प्रत्येक साइटवर 'सुरक्षित नाही' असा शेरा मारतो. रँकिंगपेक्षा त्या शेऱ्यानं जास्त नुकसान होतं, कारण फॉर्ममध्ये नंबर लिहायला आलेलं गिऱ्हाईक तिथेच थबकतं. हे कुलूप ज्या डिजिटल प्रमाणपत्रानं लागतं त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था ते फुकट देते आणि बहुतेक होस्टिंगवाले एका बटणात लावून देतात. हे प्रमाणपत्र थोड्या मुदतीचं असतं, म्हणून ते आपोआप नवं होतंय ना याची खात्री करून घ्या. साइटचे चार अवतार असतात, कुलपाचा आणि बिनकुलपाचा, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह आणि त्याविना. त्यातला एक ठरवा आणि बाकीचे तीन कायमच्या रीडायरेक्टनं त्याच्याकडे वळवा.

नंतर एक तपासणी, जी आज रात्री जेवणानंतर प्रत्येकानं करावी. गुगलच्या खोक्यात इंग्रजीत 'साइट' लिहा, त्याला चिकटून विसर्गासारखे दोन टिंब, आणि त्याला चिकटून तुमचं डोमेन. गुगलला तुमची कोणती पानं माहीत आहेत ते दिसेल. एका मसालेवाल्यांचं मी हे करून पाहिलं, तर कांदा-लसूण मसाल्याच्या खाली जपानी अक्षरांत बूट आणि घड्याळांची पानंच्या पानं निघाली. साइट फोडली गेली होती. मालकांना काहीच दिसत नव्हतं, कारण अशी घुसखोरी ती पानं फक्त गुगलच्या रोबोटला दाखवते, साध्या पाहुण्याला नाही. शिवाय सर्च कन्सोलमध्ये एका अनोळखी ईमेलनं स्वतःला मालक म्हणून नोंदवून घेतलं होतं. जुनं, वर्षानुवर्षं न हलवलेलं प्लगइन (साइटला जोडलेला छोटा तयार प्रोग्रॅम), तिथून चोर आत शिरला होता.

अशा वेळी क्रम असा ठेवा. अनोळखी मालक काढा, आणि त्यानं ठेवलेली पडताळणीची फाइलही काढा, नाहीतर तो परत येतो. स्वच्छ बॅकअप चढवा, सगळी प्लगइनं अद्ययावत करा, वापरात नसलेली उडवा, पासवर्ड बदला. मग सर्च कन्सोलच्या 'सुरक्षा समस्या' विभागातून फेरतपासणीची विनंती करा. त्याच्या शेजारीच 'मॅन्युअल ॲक्शन्स' हा विभाग आहे. गुगलच्या माणसानं तुमच्या साइटवर ठपका ठेवला असेल तर तो तिथे लिहिलेला असतो. तिथे काही नसेल तर 'आपल्याला गुगलनं पेनल्टी लावलीय' ही भीती मनातून काढून टाका.

दुसरी पायरी: पाटी लावा

ही पायरी माझ्या मते निम्मं काम करते, आणि तिला जवळपास खर्च नाही.

पुणेरी पाटीची आपण चेष्टा करतो, पण तिच्यात एक गुण आहे: कोण, कुठे, कधी आणि काय चालणार नाही हे ती एका नजरेत सांगते. वेबसाइटच्या संपर्काच्या पानावर नेमकं हेच हवं. धंद्याचं कायदेशीर नाव, मालकाचं नाव, पूर्ण पत्ता पिनकोडसह, चालू फोन, वेळा, सुट्टीचा वार. काकांच्या पत्त्याचे पाच अवतार निघाले. बिलावर 'कसबा पेठ', जुन्या डिरेक्टरीत 'फडके हौदाजवळ', फेसबुकवर 'पुणे सिटी', नकाशावर शेजारच्या घराचा नंबर, आणि वेबसाइटवर ते 'पुणे, भारत'. आम्ही एकच पत्ता ठरवला, अक्षरन् अक्षर, आणि जिथे जिथे नाव सापडलं तिथे तोच घातला. खुणेची जागा वेगळ्या ओळीत टाकली: फडके हौद चौक, कसबा पेठ मेट्रो स्टेशनवरून चालत. पत्त्याच्या ओळीत खूण घुसडली की नकाशाही गोंधळतो आणि कुरिअरवालाही.

मग गुगलचं बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गुगलच्या शोधात आणि नकाशावर दिसणारी तुमच्या धंद्याची नोंद. २०२१ पर्यंत त्याला 'माय बिझनेस' म्हणायचे, त्यामुळे जुने लोक अजून तेच नाव घेतात. इथे नावाच्या खोक्यात फक्त पाटीवरचं नाव लिहायचं. 'अमुक ब्रदर्स पुण्यातील सर्वोत्तम तांब्याची भांडी स्वस्त दर' असं लिहिणं नियमांत बसत नाही, प्रोफाइल बंद पडू शकतं. पडताळणीसाठी हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात: रस्त्यापासून सुरू करून पाटी, दार, आतला माल, आणि दुकान तुमचंच आहे हे दाखवणारं काहीतरी. काकांच्या सूनबाईंनी तो फोनवर एका दमात काढला, मागे ठोके चालूच होते.

जीएसटी क्रमांक फुटरमध्ये, म्हणजे पानाच्या तळपट्टीत, टाका. लोक विचारतात, त्यानं रँकिंग वाढतं का? थेट नाही. पण पंधरा अंक-अक्षरांचा तो क्रमांक कुणीही जीएसटीच्या पोर्टलवर टाकून धंद्याचं नाव आणि नोंदणी चालू आहे की नाही ते बघू शकतो. सुरुवातीचे २७ बघूनच कळतं की नोंदणी महाराष्ट्रातली आहे. 'आम्ही विश्वासार्ह आहोत' हे लिहायला काही लागत नाही, पडताळता येणारा क्रमांक द्यायला मात्र खराखुरा धंदा लागतो. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा चौदा अंकी परवाना क्रमांक त्याच कारणासाठी द्या.

साइटवरून थेट विक्री करत असाल तर २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम वाचून घ्या. कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क, तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि परताव्याच्या अटी ठळकपणे द्याव्या लागतात. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात द्यायचा असतो. परताव्याचं पान दुसऱ्या साइटवरून उचलून चिकटवू नका. एका साडीवाल्यांच्या धोरणात 'सॉफ्टवेअर परवाना परत करता येणार नाही' असं मी स्वतः वाचलंय. काकांचं आता साध्या मराठीत आहे: 'वाटेत पोचा आला तर ३ दिवसांत फोटो पाठवा, बदलून देऊ. वापरून काळं पडलं तर परत घेत नाही, तांबं काळं पडणारच. घासायचं कसं ते इथे लिहिलं आहे.'

'आमच्याविषयी'चं पान कुणाला लिहायला देऊ नका. मालकाशी अर्धा तास बोला, फोनवर रेकॉर्ड करा आणि त्यातली वाक्यं उचला. 'अग्रगण्य', 'सर्वोत्तम', 'दर्जेदार' ही विशेषणं काढून टाकल्यावर जे उरतं तेच तुमचं पान. काहीच उरलं नाही तर पुन्हा बोला. टायवाल्यांचा फोटो गेला. त्या जागी आता काकांचे दोन हात, लोखंडी आधारावर पालथा घातलेला हंडा आणि त्यावर मठारकामाच्या, हातोडीनं ठोकून उमटवलेल्या टिकल्या. फोनवर काढलेला फोटो आहे, कडेला जरा अंधार आहे. तो अंधार मी मुद्दाम ठेवला.

तिसरी पायरी: जे फक्त तुम्हालाच माहीत आहे ते लिहा

मार्गदर्शिकेत 'अनुभव' वाढवला तो इथे कामाला येतो. इंटरनेटवर 'तांब्याच्या भांड्यांचे १० फायदे' हजारो वेळा लिहून झालंय. अकरावा फायदा शोधून उपयोग नाही.

मी काकांना विचारलं, "कल्हई उडालीय हे बाईमाणसाला घरी कसं कळायचं?" ते म्हणाले, "बाईमाणसाला सगळं कळतं, पुरुषांना कळत नाही." मग कोपऱ्यातलं एक पातेलं उचलून दाराच्या उजेडात तिरपं धरलं. "हे बघा. चंदेरी आहे तिथं कथील शाबूत. आणि इथं तळाशी लाली मारतेय? हे तांबं वर आलं. आता यात आमटी केली तर आंबट लागून कळकेल." तो क्षण, ते पातेलं, ती लाली. फोटो तिथेच काढला. त्यावरून पान तयार झालं: 'कल्हई उडाली हे कसं ओळखाल'. नवसागर कशाला लागतो, कथील केव्हा लावायचं, घासताना तारेची घासणी का नको, हे सगळं काकांच्या तोंडून. शेवटी नाव, फोटो आणि पान शेवटचं कधी तपासलं ती तारीख.

त्याच पानावर एक वाक्य आहे ज्यावर काका आधी बिथरले होते: 'बिनकल्हईच्या तांब्याच्या भांड्यात ताक, लोणचं, चिंचेचं सार ठेवू नका.' ते म्हणाले, "मी विकायला बसलोय का घाबरवायला?" पण आंबट पदार्थात तांबं उतरतं हे त्यांनीच मला सांगितलं होतं. आपल्या मालाची मर्यादा सांगणारा दुकानदार गिऱ्हाइकाला लगेच ओळखू येतो.

याच्या उलट एक गोष्ट आम्ही उडवली. जुन्या साइटवर 'तांब्याचं पाणी प्यायल्यानं मधुमेह, सांधेदुखी, थायरॉइड बरे होतात' असं होतं. आरोग्य, पैसा, सुरक्षितता या विषयांवरच्या मजकुराला गुगल सगळ्यात कडक चाळणी लावतं, कारण तिथे चूक झाली तर माणसाचं खरंखुरं नुकसान होतं. तांबट हा तांब्याचा जाणकार, मधुमेहाचा नव्हे. "सगळेच लिहितात," काका म्हणाले. लिहू देत. तुमचं ज्ञान जिथे संपतं तिथे पानही संपवा. आर्थिक सल्लागार, डॉक्टर, वकील यांनी तर लेखाखाली पूर्ण नाव, पदवी आणि नोंदणी क्रमांक दिल्याशिवाय एक ओळ छापू नये.

एआयकडून शंभर लेख लिहून घ्यायचा मोह सगळ्यांना होतो. मार्च २०२४ मध्ये गुगलनं स्पॅमचे नियम कडक केले. त्यात रँकिंगसाठी घाऊक मजकूर छापणं, मग तो माणसानं लिहिलेला असो की यंत्रानं, हा दोष धरला आहे. शुद्धलेखन तपासायला, मुद्दे लावायला यंत्र जरूर घ्या. पण पातेलं उजेडात धरायला माणूसच लागतो.

मराठी साइटसाठी तीन-चार गोष्टी खास. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या डीटीपी फाँटमधून थेट चिकटवलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसला तरी गुगलला तो इंग्रजी अक्षरांचा चिवडा वाटतो. छापील पत्रकाचा फोटो चढवून 'माहिती टाकली' म्हणू नका, तेच शब्द टाइपही करा. इंग्रजी पानाचं यंत्रानं केलेलं मराठी भाषांतर न वाचता चढवू नका. 'तांबे पाण्याची बाटली खरेदी आता' वाचून जो हसतो तो खरेदी करत नाही. आणि पानाची लिंक देवनागरीत ठेवली तर चालते, पण व्हॉट्सॲपवर पाठवली की तिची टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होते आणि लोकांना ती लिंक संशयास्पद वाटते. मी रोमन अक्षरांत छोटी लिंक ठेवतो.

चौथी पायरी: दुसरे काय म्हणतात

आता लिंका. १९९८ मध्ये गुगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गी ब्रिन यांनी जी कल्पना मांडली, तिच्यात एका पानानं दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे एक प्रकारची शिफारस होती. शिफारशीला भाव आला की तिचा बाजार भरतो, तसा भरला. एप्रिल २०१२ मध्ये गुगलनं पेंग्विन नावाचा बदल आणून विकतच्या लिंकांना दणका दिला, आणि सप्टेंबर २०१६ पासून तो मूळ यंत्रणेतच मिसळून टाकला. आता अशा लिंका बहुतेक वेळा मोजल्याच जात नाहीत. म्हणजे पैसे गेले, फायदा शून्य, आणि वर ठपक्याची जोखीम.

काकांनीही एकदा एका कंपनीकडून '५०० बॅकलिंक'चं, म्हणजे दुसऱ्या साइटांवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंकांचं, पॅकेज घेतलं होतं. यादी बघितली तर परदेशी कॅसिनो, कुठलासा कुत्र्यांच्या खाण्याचा ब्लॉग, आणि ओळीनं मेलेल्या डिरेक्टरी. अशी यादी सापडली की घाबरून डिसअव्हाव नावाच्या, 'या लिंका मोजू नका' असं गुगलला कळवायच्या साधनात सगळं ओतायची घाई करू नका. ते साधन मॅन्युअल ॲक्शन आली असेल, किंवा विकत घेतलेल्या लिंकांमुळे ती येणार हे दिसत असेल तेव्हासाठी आहे. आम्ही पॅकेज बंद केलं आणि यादी तशीच सोडून दिली.

खरी लिंक तुमच्या ओळखीतच असते, फक्त कुणी मागितलेली नसते. कागद घ्या आणि लिहा: तुमचा माल कुणी वापरला, तुम्ही कुठे स्टॉल लावला, कुणी तुमच्यावर लिहिलं, कुणी विद्यार्थी येऊन प्रोजेक्ट करून गेले. काकांच्या यादीत एक वास्तुविशारद होत्या, ज्यांनी त्यांच्याकडून हॉटेलसाठी दिवे करून घेतले होते. एक हेरिटेज वॉक करणारा गट, जो दर काही आठवड्यांनी दारात उभा राहतो. डिझाइन कॉलेजचा एक विभाग. आणि भीमथडी जत्रेत शेजारच्या स्टॉलवर बसलेली गोधडीवाली मंडळी. आम्ही प्रत्येकाला दोन ओळींचा निरोप पाठवला: तुमच्या त्या पानावर आमचं नाव आहे, तिथे लिंक द्याल का? काहींनी दिली, एकानं उत्तरच दिलं नाही. त्या मूठभर लिंका तांब्याशी, पुण्याशी, कारागिरीशी नातं सांगणाऱ्या आहेत. पाचशे कॅसिनोंनी ते झालं नसतं.

पैसे देऊन जाहिरात-लेख छापून आणला तर चूक नाही, पण त्या लिंकवर 'स्पॉन्सर्ड' अशी तांत्रिक खूण हवी. छापणाऱ्याला ती लावायला सांगा.

रिव्ह्यूंबद्दल मी जरा कर्मठ आहे. विकत घेऊ नका, नातेवाइकांकडून लिहून घेऊ नका, 'पाच स्टार द्या, दहा टक्के सूट घ्या' म्हणू नका. आमिष दाखवून रिव्ह्यू घेणं गुगलच्या नियमांत बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनंही २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी मानक काढलं आहे. सगळ्यांना सारखं विचारा: बिलावर क्यूआर कोड छापा आणि विषय सोडा. आपल्याच साइटवर आपलेच रिव्ह्यू टाकून निकालात तारे दिसतील म्हणून कोड लावायची युक्ती तर सप्टेंबर २०१९ पासून स्थानिक धंद्यांसाठी बंदच आहे.

वाईट रिव्ह्यूला उत्तर द्यायची कला मात्र शिकून घ्या. काकांना एक स्टार आला: 'दुपारी अडीचला लांबून गेलो, दुकान बंद. फोनही उचलला नाही.' काकांनी सांगितलेलं उत्तर होतं, "लिहा, दुपारी अडीचला शहाणा माणूस झोपतो." आम्ही लिहिलं: 'दुपारी १ ते ४ आम्ही बंद असतो. नकाशावर ही वेळ चुकीची दिसत होती, आज दुरुस्त केली. तुमची फेरी वाया गेली, त्याबद्दल दिलगीर आहोत. पुन्हा याल तेव्हा आधी फोन करा, कुणीतरी थांबेल.' हे उत्तर त्या एका माणसासाठी नसतं. पुढे वाचणाऱ्या प्रत्येकासाठी असतं.

राहिलेलं किरकोळ

वेग: पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत हालचाल व्हावी, आणि वाचताना मजकूर इकडेतिकडे उडू नये. गुगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या साधनात साइटचा पत्ता टाकला की कळतं. नव्वद टक्के वेळा दोषी एकच: फोनवरून थेट चढवलेले पाच-पाच एमबीचे फोटो. ते लहान करा आणि पुढे चला. शंभरपैकी शंभरच्या मागे लागू नका.

स्कीमा कोड (पानावरची माहिती गुगलला ठरावीक साच्यात सांगणारा कोड): स्थानिक धंद्याचा लावा, त्यात नाव, पत्ता, फोन, वेळा पानावर आहेत तशाच घाला. पानावर नाही ते कोडमध्ये घालायचं नाही. फॉर्ममध्ये नाव आणि फोन पुरतो. जन्मतारीख मागणारा तांबट मी पाहिलाय, कुणीतरी तयार फॉर्म चिकटवला होता.

किती दिवस लागतात?

पहिली पायरी एका आठवड्यात, दुसरी दोन आठवड्यांत होते. तिसरी संपतच नाही, महिन्याला एक चांगलं पान पुष्कळ झालं. परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष धरा, आणि मधे गुगलचा मोठा बदल आला तर आकडे वरखाली होतील, तेव्हा लगेच सगळं उपटून नवं करायला घेऊ नका. सर्च कन्सोलमध्ये १६ महिन्यांपर्यंतची माहिती राहते, तेव्हा दिवाळीची तुलना मागच्या दिवाळीशीच करा, श्रावणाशी नाही.

काय बघायचं? मी तीन गोष्टी बघतो. लोक धंद्याचं नाव टाकून शोधताहेत का, कारण ते नाव त्यांनी कुठेतरी ऐकलेलं असतं. माहितीची पानं कोणत्या प्रश्नांना दिसताहेत. आणि दुकानातल्या वहीत, फोन करणाऱ्यानं 'कुठून कळलं' याचं काय उत्तर दिलं. ती वही सूनबाई लिहितात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या एवढंच करतात: गुगलवर साइटची पानं बघायची, सर्च कन्सोलचे दोन विभाग उघडायचे, फॉर्म स्वतः भरून ईमेल येतो का बघायचं, सणाच्या सुट्ट्या प्रोफाइलवर टाकायच्या. अर्धा तास.

'तांब्याचा हंडा पुणे'ला काका अजून पहिल्या तिघांत नाहीत, हेही सांगून टाकतो. कल्हईच्या प्रश्नांना मात्र त्यांचं पान वर दिसतं आणि वहीत 'नेटवर कल्हईचं वाचलं' अशा नोंदी वाढल्या आहेत. मधे एक भानगड झाली. त्यांच्याकडून माल नेणाऱ्या एकानं काकांच्या हातांचा तो फोटो आपल्या साइटवर लावून 'तांबट आळीतल्या कारखान्याची अधिकृत शाखा' असं लिहिलं. फोटो काढून टाकायला लावला. पण काकांचं तेवढ्यानं समाधान झालं नाही, त्यांना फुटरमध्ये पत्त्याच्या बरोब्बर खाली एक ओळ हवी होती. ती त्यांनी सांगितली आणि मी एकही अक्षर न बदलता टाकली: 'आमची कोठेही शाखा नाही.'